चिचुंद्रीची घाई

मी एक जुनी चिचुंद्री आहे. मित्रांनो, 'जुनी' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काठी टेकत चालणारे कुणीतरी आले असेल. पण माझी ही फक्त दुसरी थंडी आहे. तुमच्या घरातले बाळ एवढ्या वयात नुकते दुडुदुडु चालू लागते आणि सगळे घर टाळ्या वाजवते. मी तेवढ्या वयात लेक, बहीण, आई आणि आजीसुद्धा होऊन चुकले आहे. पाठीवरची लव विरळ झाली आहे आणि जे सांगायचे ते लवकर सांगून टाकायला हवे आहे. तेव्हा मध्येच थांबले, एखादा किडा तोंडात टाकला, तर राग मानू नका. तो खाल्ला नाही तर गोष्ट अर्धवट राहील.

मला उंदीर मात्र म्हणू नका. उंदराचे आणि माझे काही नाते नाही. तो धान्य खातो, कपडे कुरतडतो, पुस्तकांची वाट लावतो. मी यातले काही करत नाही. माझे नाक लांब आणि सदा हलणारे, डोळे असून नसल्यासारखे, अंगाला उग्र वास. भिंतीच्या कडेकडेने चिंचिं करत पळायचे आणि झुरळे, किडे, गोमा, रातकिडे खायचे, हा माझा धंदा. तुम्हाला भूक लागते, तुम्ही जेवता, मग भूक जाते. माझी भूक जात नाही. ती थोडा वेळ बाजूला बसते आणि लगेच परत येते. एक अख्खा दिवस मला काही मिळाले नाही, तर दुसरा दिवस मला दिसेलच असे नाही.

माझा जन्म एका मोटर वाइंडिंगच्या दुकानात झाला. जळालेल्या पंख्यांच्या, पंपांच्या मोटरी तिथे येत. मिस्त्री त्या उघडत, काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढत आणि नवी तार गुंडाळत. दुकानात सदैव वार्निशचा वास असे. कोपऱ्यात तारेचे एक मोठे लाकडी रीळ रिकामे पडले होते. त्याच्या पोकळीत माझ्या आईने इन्सुलेशनच्या कागदाच्या पट्ट्या आणि सुती पट्टीचे तुकडे ओढून आणून घरटे केले होते. दुकानाच्या मागे स्वयंपाकघर होते आणि त्याच्याही मागे एक लांबट खोली. मिस्त्रींची बायको त्या खोलीत मुलांची शिकवणी घेई. मुले तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणते. घरात तिसरे माणूस म्हणजे मिस्त्रींची आई. तिच्या हातात कायम झाडू असे, आणि तो झाडण्यापुरताच नव्हता.

आमच्यात एक रीत आहे. पिल्लांना घेऊन बाहेर पडायचे असले की आई पुढे होते. पहिले पिल्लू तिच्या शेपटीच्या मुळाशी दातांनी धरते, दुसरे पहिल्याचे धरते, तिसरे दुसऱ्याचे. अशी सगळी माळ एकामागे एक पळत सुटते. कुणी कुणाला सोडायचे नाही, एवढा एकच नियम. माझ्या लहानपणी आम्ही असेच भिंतीकडेने चाललो होतो आणि वरून एक पंखा दाणकन खाली आदळला. सगळ्यात मागच्या भावाचे दात सुटले. तो मागे राहून ओरडत होता, आम्हाला ऐकू येत होते. आई थांबली नाही. थांबली असती तर आम्ही सगळेच उघड्यावर राहिलो असतो. मी मागे वळून पाहिले असते, पण माझ्या तोंडात बहिणीची शेपटी होती.

पुढे काही दिवसांनी आई मोरीजवळ पडलेली सापडली. अंगावर जखम नव्हती, मांजराचा दात नव्हता. आदल्या दिवशी ती पळत होती. तिला कुणी मारले नव्हते, ती संपली होती. आमच्यात असेच असते.

तरुणपणी माझे बरे दिवस आले. दुकानातली झुरळे मी जवळजवळ एकटीने आटोक्यात आणली. एकदा म्हातारी झाडू घेऊन माझ्या मागे लागली, तेव्हा मिस्त्री हसत म्हणाले, "आई, राहू दे गं तिला. चिचुंद्री आहे ती, उंदीर नाही. पगार न घेता काम करते."

"आणि वास मारते त्याचं काय?"

"माझ्या वार्निशपेक्षा बरा आहे!"

मित्रांनो, आयुष्यात माझी झालेली स्तुती ती एवढीच. पण त्या दिवशी मला दोन झुरळे जास्तीची खाल्ल्यासारखे वाटले.

दुपारी मी मागच्या खोलीतल्या कपाटाखाली जात असे. तिथे वाळवीचे किडे सापडत, आणि शिकवणीही कानावर पडे. माझे डोळे कामाचे नाहीत, पण कान फार बारीक आहेत. एक दिवस बाईंनी मुलांना विचारले, "कपातला चहा आधी गार होतो की पातेल्यातला?"

"कपातला!" सगळे ओरडले.

"बरोबर. जीव लहान असला की त्याची ऊब अशीच भराभर निघून जाते. मग ती टिकवायला त्याला सतत खावं लागतं, आत सतत जाळत राहावं लागतं. त्याचं हृदय धडधडत पळत असतं. हत्तीचं कसं, सगळं निवांत. म्हणून उंदीर दोन-तीन वर्षांत आटोपतो आणि हत्ती साठ-सत्तर वर्षं डुलत राहतो. पूर्वी काही शास्त्रज्ञांना वाटायचं, की प्रत्येक जिवाच्या वाट्याला ठोके साधारण सारखेच येतात. कुणी ते भराभर उधळून टाकतो, कुणी पुरवून पुरवून वापरतो."

कपाटाखाली माझे नाक हलायचे थांबले. माझ्या आईचे कोडे तिथे उलगडत होते.

पण त्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे शंकाताई म्हणत, कारण तिची शंका काढल्याशिवाय कुठलाच धडा पुढे सरकत नसे. ती म्हणाली, "बाई, मग माझ्या मामाचा पोपट? त्याची छाती बघा ना कशी उडत असते. पण तो आईच्या लग्नाच्या आधीपासून आहे."

बाई खूश झाल्या. "म्हणून तर म्हटलं, पूर्वी वाटायचं! पोपटानं तो नियम मोडून ठेवलाय. वटवाघळानंही. एवढंसं वटवाघूळ, उंदराएवढं, पण काही जातीची वीस-तीस वर्षं जगतात. कसं, ते अजून पुरतं कुणाला कळलेलं नाही. भराभर जळणं एवढंच महत्त्वाचं नसतं. जळताना आत जी मोडतोड होते, ती शरीर किती नीट दुरुस्त करतं, त्यावरही असतं. बरं, आता बडबड पुरे. मनगटावर दोन बोटं ठेवा. आपापले ठोके मोजा. मी पण मोजते."

खोली शांत झाली. बाई कपाटाला पाठ टेकून उभ्या होत्या. त्यांच्या छातीतला आवाज लाकडातून खाली माझ्यापर्यंत आला, आणि मी दचकले. माणसाच्या ठोक्यांचा आवाज मला ओळखू येतो. मिस्त्रींचा जड, संथ असतो. म्हातारीचा मधूनच अडखळतो. हा आवाज तसा नव्हता. तो धावत होता. आमच्या आवाजाएवढा वेगवान नव्हता, पण चाल आमचीच होती.

"बाई, माझे ऐंशी!"

"बाई, तुमचे किती?" शंकाताईने विचारले.

बाईंनी मनगट पदराखाली घेतले. मग म्हणाल्या, "माझे... मोजताना चुकले वाटतं. वह्या काढा."

त्या दिवसापासून मी बाईंकडे लक्ष ठेवू लागले. त्यांना थंडीतही घाम येत होता. हात थरथरत होते. खडू फळ्यावर करकर वाजे, मुले कानांत बोटे घालत. त्या भराभर जेवत, परत जेवत, उरलेसुरले उभ्या उभ्याच खाऊन टाकत, आणि तरी त्यांच्या बांगड्या हातात अधिकच सैल होत चालल्या होत्या. पडलेल्या बांगड्यांचा आवाज मला मोरीपर्यंत ऐकू येई.

म्हातारीच्या जिभेला हाड नव्हते. "पातेलं पुसून खाल्लंस की गं! एवढं खातेस ते जातं कुठे? आमच्या घरात अशी हावरट बाई मी पहिल्यांदा बघतेय."

"भूक लागते हो आई. खरंच लागते."

"आणि अंगाला लागत नाही ते? लोकांना वाटेल आम्ही उपाशी ठेवतो."

मिस्त्री वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्या दारात जळक्या मोटरींची रांग लागलेली असे. ते म्हणत, "अगं, शिकवणी कमी कर थोडी. चिडचिड करू नको. जरा शांत बस."

"बसताच येत नाही मला," बाई एकदा म्हणाल्या. "बसल्या जागी घाई होते."

"कसली घाई? गाडी सुटतेय का तुझी?"

बाई रडू लागल्या, मग रडत रडतच त्यांच्यावर ओरडल्या, मग पाणी प्यायला गेल्या आणि पेला हातातून सुटला. गल्लीतल्या डॉक्टरांनी जीभ पाहिली, 'मनाला फार लावून घेता' म्हणून सांगितले आणि ताकदीचे औषध दिले. त्या औषधाने भूक वाढते म्हणे.

घरात कुणी नसले की बाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या राहत, गळ्याशी दोन बोटे धरत आणि पुटपुटत. मला वाटले, देवाचे नाव घेत असतील. जवळ जाऊन ऐकले. त्या म्हणत होत्या, "वटवाघूळ... पोपट... वटवाघूळ... पोपट..." मुलांना शिकवलेला नियम त्यांच्याच मानगुटीवर बसला होता. आपले ठोके आपण उधळतो आहोत, लवकर संपणार, असे त्यांनी मनाशी धरले होते. नियम मोडणारे ते दोन जीव त्या घट्ट धरून होत्या. कुणाला सांगायची हिंमत नव्हती. सांगितले असते तर 'पुन्हा नवीन काहीतरी' म्हणून ऐकून घ्यावे लागले असते.

त्याच सुमारास मी पुन्हा आई झाले. त्याच रिकाम्या रिळात, त्याच कागदाच्या पट्ट्यांत. पिल्ले उघडीबोडकी, गुलाबी, सतत तोंड उघडून असलेली. आधी माझी एकटीची भूक होती, आता तिच्यावर त्यांची भूक चढून बसली. मी खाल्ले की दूध, दूध की ती जिवंत. मध्ये कुठे ढिलाई चालत नव्हती.

आणि नेमकी तेव्हाच म्हातारीने झुरळांची पावडर आणली. स्वयंपाकघर, मोरी, कपाटाखाली, सगळीकडे पांढऱ्या रेघा मारल्या. झुरळे मेली. मेलेल्या झुरळांना विषाचा वास होता. एक चाटले तर माझी जीभ जळली. दोनच दिवसांत घर ओस पडले. मी गटारापर्यंत जाऊ लागले, दिवसाढवळ्या बाहेर पडू लागले. भीती वाटायला पोटात काहीतरी असावे लागते. एकदा शिकवणी चालू असताना मी एका किड्यामागे थेट मुलांच्या पायांतून पळाले. एक मुलगा बाकावर उभा राहून किंचाळला. मुले हसली, बाईही हसल्या, पण म्हातारीला निमित्त मिळाले.

"आज पिंजरा लावायचा म्हणजे लावायचा. उद्या कुणाच्या पोराला चावली म्हणजे?"

मिस्त्रींनी पिंजरा लावला. आत उकडलेल्या अंड्याचा तुकडा होता. मित्रांनो, मला पिंजरा कळत होता. लोखंडाचा वास, स्प्रिंगचा वास, सगळे कळत होते. पण अंड्याचा वासही येत होता आणि रिळातून पिल्लांची चिंचिं येत होती. मी आत गेले. मागे खटका पडला.

सकाळी मिस्त्रींनी पिंजरा उचलून कामाच्या टेबलावर ठेवला. "मारत नाही तुला," ते म्हणाले. "दुपारी मोटर पोचवायला जाईन तेव्हा नाल्यापलीकडे सोडतो. तिकडे मजा कर." त्यांना वाटले, ते माझ्यावर उपकार करत आहेत. रीळ तिथून हाताच्या अंतरावर होते. आत काय आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून शिकवणी सकाळीच होती. अंडे खाऊन संपले होते. मी पिंजऱ्यात गोल गोल फिरत होते. तेवढ्यात मागच्या खोलीत खुर्ची पडली, आणि शंकाताईचा आवाज आला, "मिस्त्रीकाका! काका, बाई बघा ना! बाई काहीतरीच बोलतायत!"

मिस्त्री हातातली तार टाकून धावले. बाईंचे अंग भाजत होते, हे मी मिस्त्रींच्याच ओरडण्यावरून जाणले. बाई मुलांना ओळखत नव्हत्या. त्यांना दुकानातून उचलून नेले तेव्हा त्या माझ्या टेबलाजवळून गेल्या, आणि तो आवाज मी पुन्हा ऐकला. आता त्याला चालही उरली नव्हती. ठोके एकमेकांच्या अंगावर पडत होते. म्हातारी अनवाणीच मागे धावली. मुले रडत घरी गेली. कुणीतरी शटर खाली ओढले.

मग घरात मी राहिले आणि माझी पिल्ले.

पुढचे सांगताना मला अजून धाप लागते. आधी मी तारा चावल्या. तोंडातून रक्त आले, तार तशीच राहिली. मग खटक्याच्या फटीत नाक घातले, तेही सोलून निघाले. पिल्ले ओरडत होती. आमच्या पिल्लांचा आवाज इतका बारीक असतो की माणसाला तो शेजारी बसूनही ऐकू येत नाही. मला मात्र प्रत्येकाचा वेगळा येत होता. सगळ्यात धाकट्याचा आवाज आधी सर्वांत मोठा होता, मग तो तुटक झाला, मग मध्ये मध्ये येऊ लागला. माझ्या अंगात दूध होते. ते गळून पिंजऱ्याच्या पत्र्यावर पडत होते. मी ते चाटून घेतले.

बाईंनी सांगितलेले वटवाघूळ मला आठवले. पुढच्या एका धड्यात त्या म्हणाल्या होत्या, थंडीत ते अंग गार करून घेते, हृदय मंद करते, आणि न खाता न पिता कितीतरी दिवस लटकून काढते. मीही अंगाचे मुटकुळे केले. मनाला म्हटले, हळू हो. थोडी हळू हो. जमले नाही. माझे हृदय मला विचारत नाही. मी पडून राहिले तरी ते पळतच होते, आणि पळायला लागणारे सगळे माझ्यातूनच काढून घेत होते. शेवटी पाय थरथरू लागले. नाक हलायचे थांबले. मी नाल्यापलीकडचाही विचार केला. तिथे सोडले असते तरी आनंदाने गेले असते. पण सोडणाराच घरात नव्हता. आणि का नव्हता, तेही मला कळत होते. मी कुणावर रागवायचे?

उन्हे उतरायला लागली तेव्हा शटर उघडले. म्हातारी आत आली. सोबत शेजारची शिवणकाम करणारी बाई होती. तिला सगळे शिवणमावशी म्हणत. बाईंचे कपडे न्यायला त्या आल्या होत्या. म्हातारी कपड्यांकडे गेलीच नाही. ती मिस्त्रींच्या स्टुलावर मटकन बसली.

"काय म्हणाले मोठ्या इस्पितळातले डॉक्टर?" शिवणमावशीने विचारले.

"गळ्यात एक ग्रंथी असते म्हणे, थायरॉइड. सुनेची ती बेसुमार वेगानं चाललीय. सगळं अंग आतून पेटवून ठेवलंय त्या ग्रंथीनं. म्हणून ती खाते आणि वाळते. म्हणून घाम, म्हणून थरथर. किती महिने चाललंय म्हणाले हे, कुणाला दिसलं नाही? अजून काही सांगत नाहीत. शुद्धीवर नाही ती."

"होईल हो बरी."

"मी तिला हावरट म्हणाले गं," म्हातारी म्हणाली. "रोज म्हणाले. तिच्या ताटाकडे बघून म्हणाले. ती जळत होती आणि मी तिचे घास मोजत बसले."

शिवणमावशीच मग आतून बाईंचे कपडे घेऊन आली. तिची नजर पिंजऱ्याकडे गेली. "हे काय? चिचुंद्री का? मेली वाटतं. द्या इकडे, जाता जाता गटारात टाकते."

म्हातारीने पिंजरा उचलून डोळ्यांजवळ धरला. मी बाजूला कलंडलेली होते. माझे पोट तिच्याकडे होते. "थांब," ती म्हणाली. "जिवंत आहे. आणि हे बघ, ओली आहे ही. हिची पिल्लं असणार इथंच कुठेतरी."

"असू देत ना. तुम्हीच तर लावायला सांगितलात पिंजरा."

"सांगितला." म्हातारी उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात अंडे होते. तिने ते चुरून तारांमधून माझ्या तोंडापाशी टाकले आणि पिंजऱ्याचे दार वर करून खिळ्याला अडकवले. "खा बाई," ती म्हणाली. "खा. कुणी काही म्हणणार नाही."

मित्रांनो, दार उघडे होते. पिल्ले हाक मारत होती. आणि मी आधी खाल्ले. त्यांच्या आवाजात बसून मी एक घास, दुसरा घास, तिसरा घास गिळला. रिकाम्या पोटाने गेले असते तर त्यांच्या अंगावर जाऊन मेले असते. हे मला तेव्हाही ठाऊक होते. पण त्या घासांची चव अजून माझ्या तोंडातून जात नाही.

मग मी टेबलाच्या पायावरून घसरत खाली गेले. धाकटे पिल्लू गार झाले होते. मी त्याला चाटले, पोटाशी धरले, बाकीच्यांच्या मध्ये ठेवले. त्याला ऊब लागली नाही. बाकीची मला चिकटली आणि दूध ओढू लागली. म्हातारी खाली वाकून रिळाकडे बघत होती. तिने काही हलवले नाही, झाडूही घेतला नाही. शिवणमावशी कपडे घेऊन केव्हाच दारात उभी होती.

बाई जगल्या. ते लगेच कळले नाही; बरेच दिवस घरात चूल नीट पेटत नव्हती आणि मिस्त्री दुकान उघडून नुसतेच बसत. एक गिऱ्हाईक म्हणाले, "मिस्त्री, मोटर केव्हा मिळेल?" मिस्त्री त्याला म्हणाले, "दारात मोटर आली की मी आधी हात लावून बघतो गरम आहे का. बायकोला हात लावून बघितलं नाही." गिऱ्हाईक निघून गेले.

बाई घरी आल्या तेव्हा त्यांना दोघांनी धरून आणले. आता त्या रोज गोळ्या घेतात. जेवतात ते अंगाला लागते. पण इतके महिने उधळलेल्या हृदयाला मार बसला आहे. ते मधूनच चुकते, आणि त्या बोलता बोलता थांबतात. फळ्यापुढे उभे राहणे होत नाही. मागची खोली बंद असते. शंकाताई एकदा येऊन गेली, दारातूनच. तिने त्या दिवशी एकही शंका विचारली नाही. म्हातारी सुनेच्या ताटात वाढत राहते आणि बाई 'पुरे' म्हणतात, तरी वाढते. तिला आता थांबता येत नाही.

माझी पिल्ले मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली. कुणी शेजारच्या शिवणाच्या खोलीत, कुणी गटाराकडे. आता ती मला ओळखणारही नाहीत, आणि त्यात वावगे काही नाही. त्यांनाही वेळ नसतो. माझे दात झिजून खुंट झाले आहेत. कडक पाठीचा किडा फुटत नाही. मऊ अळी मिळाली तर तो दिवस जातो. काल मिळाली होती. आज अजून नाही. आत ते हृदय पहिल्यासारखेच पळते आहे, आपले दात गेले हे त्याला कुणी सांगितलेले नाही.

मित्रांनो, लहान जीव भराभर का संपतात, हे मोठे शास्त्र तुम्ही शिकालच, आणि पोपटाचे, वटवाघळाचे कोडे कदाचित तुमच्यातलेच कुणी सोडवेल. माझे मागणे छोटे आहे. आमच्यासाठी एखादा कोपरा पावडरीवाचून राहू द्या. आणि तुमच्या घरात कुणी सारखे खात असेल, सारखे चिडत असेल, वाळत असेल, एका जागी टिकत नसेल, तर त्याला नाव ठेवू नका. जवळ बसा. 'तुला आत काय होतंय?' म्हणून विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. उत्तर यायला उशीर लागेल. लागू दे. तुम्हाला देवाने मोठे अंग आणि लांब आयुष्य दिले आहे. तुम्हाला थांबणे परवडते.

मला नाही. मोरीच्या कडेला काहीतरी मऊ हललेसे वाटते आहे. मी निघते.